पलीकडच्या आवाजाकडे, केकच्या गाडीतून

११ फेब्रुवारी

आदरणीय सूनबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. दर रविवारी दुपारी तुमच्या लाँड्रीतल्या फोनवर जी बाई तास-तास बोलत बसते ना, तिची मी भाची. पत्ता आत्याच्या जुन्या पाकिटांवरून ढापलाय, माफ करा. तुमच्या सासूबाईंच्या नावाने पत्र टाकलं असतं तर बेत फुटला असता, म्हणून तुम्हाला लिहितेय.

बेत असा, की मी आत्याला गाडीत घालून तुमच्या दारात आणतेय!

बघा ना, इकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आत्या, तिकडच्यात तुमच्या सासूबाई. लोकांच्या लाइनी जोडता जोडता मैत्री झाली, दोघींची लग्नं झाली, पोरं झाली, दोघी रिटायर झाल्या, आणि अजून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही! फोटोसुद्धा नाही. "चेहरा बघून काय करायचंय, आवाज आहे की," असं म्हणत जन्म काढला. आत्या त्यांना नावाने हाकच मारत नाही, 'पलीकडची' म्हणते. तुमच्याकडे आत्यालाही 'पलीकडची'च म्हणतात असं ऐकून आहे.

त्यांची टकटक तुम्हाला ठाऊक असेलच. ड्यूटीवर गप्पा मारायला बंदी आणि मागे सुपरवायझर बाई रबरी चपला घालून मांजरीसारखी फिरायची. मग या दोघी फोनच्या बोलायच्या टोकावर पेन्सिल वाजवायच्या. एकदा वाजवली म्हणजे 'बाई मागे उभी आहे.' दोनदा म्हणजे 'गेली, आता बोल.' तीनदा म्हणजे 'जेवलीस का?' आत्या अजून स्वयंपाकघरातून आम्हाला जेवायला बोलवताना ओट्यावर तीनदा चमचा वाजवते.

आता खरी गोष्ट. आत्याचा एक कान पार गेलाय आणि दुसरा मशीनवर चाललाय. परवा ती मला म्हणाली, "हाही कान निघायच्या तयारीत आहे गं. त्याच्या आधी पलीकडचीचा आवाज एकदा तारेशिवाय ऐकायचाय. समोर बसून." मला एकदम भरून आलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मी बेकरीत केक सजवते. मालकांनी डिलिव्हरीची व्हॅन द्यायचं कबूल केलंय. सासूबाईंना काही सांगू नका हं! दार उघडलं की समोर पलीकडची, असा थाट करायचाय. खाली ईमेल देतेय, तारीख लगेच कळवा. मला तर आत्तापासून झोप नाही.

तुमची (अजून न भेटलेली),
केकवाली


१९ फेब्रुवारी

स.न.

तुमचं पत्र पोचलं. आनंद वाटला. पण सध्या येऊ नये ही विनंती. घराला रंग काढला आहे. जिन्याचा कठडा हलतो आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. लाँड्रीचं मोठं मशीन बिघडलं आहे, त्यामुळे घरभर चादरी आहेत. शिवाय तुमच्याकडून येणारा रस्ता फार खराब आहे असं ऐकते. वयस्कर माणसांना इतक्या लांब आणणं बरं नव्हे. उन्हाळ्यानंतर बघू. फोनवर बोलणं चालूच आहे, ते काय कमी आहे?

आत्यांना नमस्कार सांगू नये, नाहीतर पत्राचं कळेल.

लाँड्रीवाली सून


२ मार्च, हायवेवरच्या एका हॉटेलच्या बाकावरून

अहो सूनबाई,

रंग, कठडा, गुडघे, चादरी आणि रस्ता! एका दमात पाच अडचणी? पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या आईचंही अस्संच होतं. तुम्ही काही काही करू नका. आम्ही चादरींवर झोपू, कठड्याला हात लावणार नाही, आणि रस्त्याचं म्हणाल तर आम्ही त्याच रस्त्यावर आहोत!

माझा इलाज नव्हता हो. आत्याला हाक मारली तर ऐकू येत नाही, पण शेजारच्या खोलीत दार लावून कुजबुजलं की शब्द न् शब्द ऐकू येतो. मी मालकांशी व्हॅनबद्दल फोनवर बोलत होते आणि मागून आवाज आला, "शनिवारी निघू. सकाळी ऊन नसतं." बॅग भरलेली होती! कधी भरली, देव जाणे. म्हणूनच आता फोन न करता लिहितेय. गाडीत चार कान आहेत, त्यातले दोन आत्याचे, त्यांतलाही एकच चालतो, पण तो एक पुरेसा आहे.

चार कान कसे, तर मोठे काका पण आलेत. आत्याचे थोरले भाऊ. जन्मभर गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेत होते. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी नापास केलंय, उरलेल्या अर्ध्यांना दोनदा. "दोन बायका एकट्या कशा जाणार?" म्हणून आले. मी पहिल्याच चौकात नापास झाले. आरसा न बघता वळले म्हणे. बघितला होता हो मी आरसा! "मान वळलेली दिसली नाही," म्हणाले. त्यानंतर दर वळणाला मी मान अशी वळवतेय की मागचा ट्रकवाला मला हात करायला लागला.

काका बोलायला लागले की आत्या मशीन कानातून काढून पर्समध्ये टाकते. पर्समध्ये ते शिट्टी मारायला लागतं. मग काका म्हणतात, "इंजिनातून आवाज येतोय, बाजूला घे." मी बाजूला घेते. बॉनेट उघडते. आवाज येतच असतो. आज सकाळपासून आत्याच्या पर्ससाठी तीनदा बॉनेट उघडलंय.

आणि बाथरूम! आत्याला लागते तेव्हा काकांना लागत नाही. काकांना लागते तेव्हा आत्या म्हणते, "आत्ताच तर थांबलो होतो." एका दिवसाचा रस्ता आहे, पण या चालीने तीन दिवस लागतील. त्यातून व्हॅनवर मोठ्ठा गुलाबी केक रंगवलेला, वर चेरी. थांबलो की पोरं जमतात आणि केक मागतात. काका आधी खाली उतरायलाच तयार नव्हते, आता म्हणतात, "आज संपला, उद्या या."

खरा केकसुद्धा आहे. मी रात्री बसून त्यावर क्रीमने टेलिफोन एक्स्चेंजचा स्विचबोर्ड काढलाय, वायरींसकट. तो काकांच्या मांडीवर दिलाय, म्हणजे हात गुंतलेले राहतात.

आत्या खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटते. विचारलं तर म्हणाली, पहिलं वाक्य काय बोलायचं त्याची तयारी करतेय. इतकी वर्षं बोलल्यावरसुद्धा! मला तर हसूच आवरेना.

परवा पोचतो. आता काही बहाणे सांगू नका बाई!

केकवाली


२ मार्च, संध्याकाळी

अगं बाई,

निघालात? खरंच निघालात?

आता लपवून उपयोग नाही. हे वाच, वाचून झालं की फोनमधून काढून टाक, आणि आत्यांच्या त्या एका कानापाशी मोठ्याने वाचू नकोस.

सासूबाईंना आवाज नाही. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढावी लागली. जीव वाचला, देवाची दया. पण आता तोंडातून शब्द येत नाही. पाटीवर खडूने लिहून बोलतात. गळ्याला स्कार्फ बांधतात. गिऱ्हाईक आलं की आत जाऊन बसतात. आणि ही बाई कोण, ठाऊक आहे? एके काळी नुसतं "हॅलो" म्हणाली तर पलीकडचा माणूस भांडण विसरायचा!

मग रविवारी फोनवर कोण बोलतं? मी.

ऑपरेशननंतरचा पहिला रविवार. फोन वाजला. सासूबाईंनी सवयीने उचलला, पेन्सिलीने तीनदा टकटक केली, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. माझ्याकडे असं बघितलं, की ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही. फोन माझ्या हातात कोंबला. मी गडबडले, आणि त्यांच्यासारखंच "हं, बोल" म्हणाले. झालं! तुझ्या आत्या सुरूच झाल्या. आत्यांना कमी ऐकू येतं ते आमच्या पथ्यावरच पडलं.

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. त्या पाटीवर लिहितात, मी बोलते. पाटी पुसून पुढचं लिहीपर्यंत मी "हं… हं… अगदी बरोबर" करत राहते. टकटक मात्र त्या स्वतःच करतात. तिथे मला हातसुद्धा लावू देत नाहीत. एकदा त्या खोकत होत्या म्हणून मी पेन्सिल उचलली, तर माझ्या हातावर फटका मारला!

एकदा तर कहरच झाला. तुझ्या आत्यांनी विचारलं, "तुझी सून कशी आहे गं?" सासूबाईंनी पाटीवर लिहिलं, "हट्टी आहे. आमटीत मीठ विसरते. कपड्याची घडी मात्र फक्कड." मी वाचलं आणि फोनमध्ये म्हणाले, "सून ना? लाखात एक आहे!" सासूबाईंनी डस्टर फेकून मारलं. पलीकडे तुझ्या आत्या खो-खो हसत होत्या. का हसत होत्या, मला अजून कळलेलं नाही.

आता सांग, काय करू? सासूबाईंनी पाटीवर एकदाच लिहिलं होतं, "तिने मला कधी पाहिलं नाही. तिच्यासाठी मी म्हणजे आवाज. तोच नाही, तर तिच्या समोर कोण जाऊन बसणार?" आणि तू म्हणतेस त्या तोच आवाज ऐकायला येतायत. शर्टाला इस्त्री करता करता कॉलर जाळली.

तू गाडी वळवू शकशील का?

लाँड्रीवाली


३ मार्च, पेट्रोल पंपावरून

ताई (आता ताईच म्हणते),

तुझी मेल नाश्त्याच्या टेबलावर वाचली. आधी राग आला. मग डस्टरचं वाचून हसू आलं. मग तो फोन हातात कोंबल्याचं परत वाचलं आणि डोळ्यांतून घळाघळा. काका म्हणाले, "ड्रायव्हरने रडायचं नाही. नजर अंधुक होते. नापास." आत्या म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, कांदा. टेबलावर ब्रेड आणि जॅम होता.

गाडी वळवायचा प्रयत्न केला, शपथ. म्हटलं, इंजिनातून आवाज येतोय. आत्याने शांतपणे पर्स उघडली, मशीन बाहेर काढून कानात घातलं आणि म्हणाली, "आता नाही येत. चल." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं! काल तीनदा मला बॉनेट उघडायला लावलं ते गंमत म्हणून!

मग म्हटलं, थोडं थांबून पाय मोकळे करू या. काल दर दोन मैलांना बाथरूम शोधणारे दोघं आज सीटला चिकटून बसलेत. "नको, पुढेच थांबू." पुढे थांबले तर म्हणे, "इतक्यात काय, चल." मलाच लागली तरी कोणी थांबू देईना!

शेवटी मी रस्ता चुकले. मुद्दाम. चांगला लांबचा फाटा घेतला. काका म्हणाले, "चुकलीस," आणि मी ऐकलं नाही. तो फाटा एका शेतात जाऊन संपला, आणि व्हॅन चिखलात मागच्या चाकापर्यंत. काकांनी केक माझ्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "सरक. गाडी कशी काढतात ते बघ." स्टिअरिंगवर बसले, आरसा बघितला, मान वळवली, सिग्नल दिला (शेतात! एक म्हैससुद्धा नव्हती) आणि व्हॅन होती त्याहून खोल घातली. खाली उतरून म्हणाले, "मी नापास." आम्ही तिघं इतकं हसलो, इतकं हसलो, की ट्रॅक्टरवाला आला तोवर पोट दुखायला लागलं होतं.

हसता हसता आत्या माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "पलीकडचीला हे सांगायचं हं. तिला असलं फार आवडतं." तेव्हा मला कसंसंच झालं गं. सांगितल्यावर ती कशी हसते ते ऐकायचंय आत्याला. आणि मी तिला कुठे घेऊन चाललेय?

मी वाटेत तिला सांगून टाकू का? हळूहळू, समजावून? तू म्हणशील तसं.

केकवाली


३ मार्च, दुपारी, दुकान बंद करून

केकवाले,

सांगू नकोस! इकडे सगळं फुटलं.

सासूबाईंनी जळलेली कॉलर बघितली. मी कधी कॉलर जाळत नाही. पाटीवर लिहिलं, "काय लपवतेस?" मी म्हटलं, काही नाही. पाटी पुसली, परत लिहिलं, "ती येतेय ना?" मी इस्त्री बंद केली. त्यांनी पाटी टेबलावर आपटली. एक कोपरा गेला तिचा.

आधी बॅग भरली. म्हणे, बहिणीकडे जाते. सांग, दुकान बंद, आम्ही कोणी नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले, "त्या बाई एक कान घेऊन एवढ्या लांबून येतायत आणि तुम्ही पळता?" ओरडले खरी, आणि मग मीच हमसून हमसून रडायला लागले. त्यांनी मला बसवलं. पाणी दिलं. बॅग उघडली. आत कपडे नव्हतेच. सगळे स्कार्फ होते. ते पलंगावर पसरले आणि लिहिलं, "निळा की पांढरा?"

मी निळा म्हटलं. त्यांनी पांढरा घेतला.

मग पुष्कळ वेळ पाटीवर लिहीत होत्या. मला दाखवलं ते असं: "मीच सांगेन. मधे कोणी बोलायचं नाही. जन्मभर मधे बसून दुसऱ्यांचं बोलणं जोडलं. हे माझं मी जोडीन."

म्हणून तोंड गच्च बंद ठेव. आत्यांपुढेही आणि काकांपुढेही. सासूबाई सकाळपासून काउंटर पुसतायत. एकच काउंटर. ये बाई लवकर, हे वाट बघणं नको.

ताई


६ मार्च, परतीच्या वाटेवर, त्याच हॉटेलचं तेच बाक

ताई गं ताई,

दोन दिवस तुझ्या घरी राहिले, तुझी बिनमिठाची आमटी खाल्ली, तुझ्या चादरींवर लोळले, आणि जे बघायला एवढी गाडी हाकत आले तेच माझं हुकलं! आमच्या काकांमुळे!

तुला माहीतच आहे. दुकानासमोर आलो, आत्या मी दार उघडायच्या आत खाली, आणि मी तिच्यामागे उतरणार तर काका म्हणतात, "ही गाडी लावली म्हणतेस? चाक फुटपाथपासून किती लांब आहे बघ. परत लाव." मी म्हटलं, काका, देवाशप्पथ, आत्ता नको. तर केक धरून बसले, ढिम्म हलेनात. मी मागे घेतली, पुढे घेतली, परत मागे. धावत आत आले तेव्हा दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहून हसत होत्या. एकीच्या हसण्याला आवाज नव्हता आणि दुसरीच्या कानात मशीन नव्हतं, आणि तू इस्त्रीच्या टेबलाखाली बसून रडत होतीस!

नंतर सगळे सतत समोर, त्यामुळे तुला धड विचारताच आलं नाही. काय झालं त्या मधल्या वेळात? एकूण एक सांग. काकांना मी अजून माफ केलेलं नाही. ते म्हणतात, गाडी नीट लागली हे महत्त्वाचं. म्हणाले, "पास." आयुष्यात पहिल्यांदा पास केलं आणि मला रडू येत होतं.

केकवाली


७ मार्च

केकवाले,

ऐक. शिलाई उसवावी तसं एकेक टाक्याने सांगते.

सासूबाई काउंटरमागे उभ्या. हातात पाटी. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेली. ऑपरेशन, फोन, मी, सगळं. वर 'माफ कर' आणि खाली 'माफ कर'. मी इस्त्रीपाशी. गॅसवर दूध उतू चाललंय याचं भान नाही.

तुझ्या आत्या आत आल्या. मला वाटलं होतं, उंच असतील. फोनवर उंच वाटायच्या. त्या दारात थांबल्या आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. मग सासूबाईंनी पाटी पुढे धरली.

आत्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही गं! पर्स काउंटरवर ठेवली. कानातलं मशीन काढलं आणि पर्सच्या शेजारी ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता ऐकणारी ऐकू शकत नाही आणि बोलणारी बोलू शकत नाही. मी पुढे सरसावले, सवयच लागलीय ना मधे बोलायची. सासूबाईंनी हाताने मला जागच्या जागी थांबवलं.

आत्यांनी काउंटरवर तळहात पालथा पसरला आणि वाट बघत राहिल्या.

सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. कानामागची पेन्सिल काढली. त्या हाताशेजारी, लाकडावर, तीनदा टकटक केली.

आत्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण हाताला कळलं. तोंडावर असं काही पसरलं की काय सांगू! त्यांनी बोटाने काउंटर वाजवला. मला वाटलं तीनदा वाजवतील, जेवले म्हणून. पण दोनदाच वाजवला.

'गेली. आता बोल.'

सासूबाईंचा बांधच फुटला. हसू आणि रडू एकदम. आत्याही तशाच. तिथे मी टेबलाखाली गेले. पुढचं तू बघितलंस.

दोन दिवस दोघी हातावर टकटक करत, पाटीवर लिहीत, चिखलातल्या काकांची नक्कल करत बसल्या होत्या. सासूबाई गिऱ्हाईक आलं तरी आत गेल्या नाहीत. आज सकाळीसुद्धा काउंटरवर होत्या, आणि शर्ट न्यायला आलेल्या मास्तरांना पाटीवर लिहून झापलं.

पण एक मला अजून खातंय. आत्यांनी कारण विचारलंच नाही. आवाज कुठे गेला, कधी गेला, फोनवर कोण होतं, एकही प्रश्न नाही. ती पाटी शेवटी न वाचताच पुसली गेली. मनात राग धरलाय का गं त्यांनी? माझ्यावर? निघताना मला जवळ घेतलं, पण काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना इतके दिवस फसवलं. मला नीट सांग, मला वाईट वाटेल म्हणून गोड करून सांगू नकोस.

तुझी ताई


९ मार्च, घरून

ताई,

तुझं पत्र आल्या आल्या आत्याला सरळ विचारलं. ती मशीन कानात घालत होती. म्हणाली, "राग? कशाचा? मला पहिल्याच रविवारी कळलं."

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते! म्हटलं, कसं काय? तुला तर ऐकू येत नाही!

तर म्हणाली (शब्दाला शब्द लिहितेय): "चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय? 'हं, बोल' म्हणायच्या आधी पलीकडची श्वास घेते. ही पोरगी श्वास न घेताच बोलली. म्हटलं, हिचं काहीतरी झालंय आणि तिला ते सांगायचं नाहीये. नसेल सांगायचं तर आपण कोण विचारणारे? पण त्याआधी टकटक झाली होती. आवाज बदलला होता, हात नव्हता बदलला. ती आहे, जिवंत आहे, 'जेवलीस का' विचारतेय. मला तेवढं पुरलं."

मी म्हटलं, आणि ते तारेशिवाय आवाज ऐकायचाय म्हणालीस ते? तर म्हणते कशी, "असं म्हटल्याशिवाय तू गाडी काढली असतीस का? तिला वाटत होतं मला फक्त आवाज हवाय. तिच्या दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय ते तिच्या डोक्यातून गेलं नसतं." बघ! आपण दोघी इकडे लपवालपवी करत होतो, आणि ही सगळ्यांच्या वरताण!

आता तुझं ऐक. म्हणाली, "थोडी शंका होती, ती सूनच आहे की शेजारीण. एके दिवशी विचारलं, सून कशी आहे. तर म्हणते, लाखात एक! म्हटलं, झालं, सूनच ही. जगात कुठली सासू सुनेला लाखात एक म्हणते?"

आणि हसली. तशीच, खो-खो. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "तिला सांग, मी फसले नाही. मला एक पलीकडची होती, आता दोन झाल्या. माझा गुडघा, माझी झोप, भावाचे नखरे, हे सगळं मी तिलाच तर सांगत होते की. ती 'हं, हं, अगदी बरोबर' म्हणायची ना, ते पाटी पुसायला वेळ लागायचा म्हणून, ठाऊक होतं मला. पण किती गोड म्हणायची!"

आता ताई, रडून झालं असेल तर उद्याचा रविवार नीट समजून घे. फोन वाजला की सासूबाईंना उचलू दे. त्या वाजवतील, आत्या वाजवेल, दोघींचं काय चालायचं ते चालू दे, तू मधे बोलू नकोस. मग आत्या चारदा वाजवेल. हे नवीन आहे, निघायच्या आदल्या रात्री तिने ठरवलं आणि सासूबाईंना पाटीवर लिहून सांगितलंय.

चार म्हणजे 'सुनेला फोन दे, आता तिच्याशी बोलायचंय.'

आणि आमटीत मीठ घाल.

तुझी केकवाली